एका अंगणातले दोन पुरवठादार

तोफांच्या सरकारी कारखान्यात, पुरवठा विभागात, तिला सगळे ‘कुठूनबाई’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि तिचं त्याबद्दल काही म्हणणंही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात एक काम पडलं होतं. तोफेला चार हजारांच्या वर सुटे भाग लागतात. त्यातला एकेक भाग कोण बनवतो, कशापासून बनवतो, आणि उद्या तो बनवणारा बसलाच तर दुसरं कोण आहे, याचा तक्ता तयार करायचा. त्याला कारणही तसंच घडलं होतं. कुठल्याशा दूरच्या लढाईमुळे एका परदेशी कंपनीने बेअरिंग पाठवणं थांबवलं, आणि इथे नऊ तोफा पाच महिने ठोकळ्यांवर उभ्या राहिल्या. मग वरून हुकूम सुटला, की यापुढे प्रत्येक महत्त्वाच्या भागाला देशातल्या देशात निदान दोन पुरवठादार पाहिजेत. हुकूम काढणाऱ्यांनी सही करून पेन खिशाला लावलं. तक्ता भरण्याचं काम हिच्याकडे आलं.

तेव्हापासून ती भेटेल त्याला एकच प्रश्न विचारी, “पण हे येतं कुठून?” रंगाचा डबा दाखवला तरी विचारी, रंगातली भुकटी दाखवली तरी विचारी, आणि भुकटीच्या पोत्यावरचा पत्ता वाचून तिथे फोन लावी. कॅन्टीनवाला चहा पुढे ठेवताना आपणहून सांगून टाकी, “दूध डेअरीचं, साखर गोदामातली, पाणी नळाचं. आता प्या.”

तक्त्यात तीन रंग होते. दोन पुरवठादार असले तर ओळ हिरवी, एकच असला तर पिवळी, आणि तो एकही भरवशाचा नसला तर लाल. हिरव्या ओळींकडे कुणी फिरकत नसे. साहेबांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, “हिरव्यावर पाय झिजवू नका. लाल पुष्कळ आहेत.”

दोनशे सतराव्या ओळीवरचा झडपेचा भाग हिरवा होता. तोफ उडते तेव्हा तिची नळी जोराने मागे येते. तिला अडवायला तेलाचा दाब असतो, आणि त्या तेलाला किती वाट द्यायची हे एक छोटी झडप ठरवते. करंगळीएवढी पोलादी नळी आणि तिच्या आत सरकणारी पोलादी दांडी, एवढाच तिचा कारभार. पण दोघींमधली फट केसाच्याही कितीतरी बारीक लागते. जास्त झाली तर तेल गळतं, कमी झाली तर दांडी अडकते, आणि अडकली तर तोफ पुन्हा जागेवर येत नाही. यंत्रावर घासून माप जवळपास येतं. शेवटची घासाई मात्र हातानेच, बारीक पेस्ट लावून करावी लागते. कारखान्यात तिला लॅपिंग म्हणतात. एका नळीची दांडी दुसरीला चालत नाही, म्हणून त्या कायम जोडीनेच ठेवायच्या. एका तोफेला अशा चार जोड्या लागत. महिन्याला चाळीस जोड्या येत, वीस एकाकडून आणि वीस दुसऱ्याकडून. तेवढ्यात दहा तोफांचं भागत होतं. पण पुढच्या तिमाहीपासून सैन्याला महिन्याला पंचवीस तोफा हव्या होत्या.

त्या दिवशी ती एका लाल ओळीसाठी, रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात, परगावी गेली होती. तिथलं काम अकरालाच आटोपलं. परतीची बस साडेचारची होती. कागद चाळताना तिच्या लक्षात आलं, की दोनशे सतराचे दोन्ही पुरवठादार याच गावातले आहेत. रस्ताही एकच, घरांचे आकडेही शेजारशेजारचे. एवढा वेळ बसस्टॉपवर बसून काय करायचं, म्हणून ती निघाली.

जागा बघून तिला थोडं हसू आलं. एकच लांबलचक शेड आणि तिच्या मधोमध, छपरापर्यंत गेलेली विटांची भिंत. भिंतीच्या या बाजूला एक फाटक, त्या बाजूला एक. दोन पाट्या, दोन दिवे, दोन घंटा. दोन्ही पाट्यांवर आडनाव मात्र एकच.

डावीकडे थोरला भाऊ होता. पन्नाशी उलटलेला, जाडजूड, प्रत्येक कागद फायलीत टोचून ठेवणारा. त्याने लेथ दाखवले, ग्राइंडिंग दाखवलं, मापं घ्यायची खोली दाखवली. सगळं लखलखीत होतं.

“आणि लॅपिंग?” तिने विचारलं.

“ते आज बंद आहे. आमचा माणूस रजेवर आहे.”

“एकच माणूस?”

“एकच. पण दहांच्या तोडीचा.”

तयार जोड्या त्याने कपाटातून काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येक जोडी जुन्या कापडाच्या पट्टीत गुंडाळून वर बारीक गाठ मारलेली. कापडावर निळ्या होड्यांची नक्षी होती. कुणाच्या तरी लहानपणीची चादर असावी. तिने ते पाहिलं, वहीत नोंद केली आणि आभार मानून बाहेर पडली.

“शेजारी पण जायचंय मला,” ती सहज म्हणाली.

थोरल्याचा चेहरा एकदम कोरा झाला. “खुशाल जा,” तो म्हणाला आणि फायलीत डोकं घातलं.

उजवीकडे धाकटा होता. हा सडपातळ, बोलका, एका वाक्यात तीन विनोद करणारा. त्याची बायको पलीकडच्या टेबलावर कागदपत्रांचं काम करत होती, आणि नवऱ्याच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्याला मान न उचलता “बरं, पुरे” म्हणत होती. इथेही लेथ झाले, ग्राइंडिंग झालं.

“लॅपिंगचं बघू या का?”

“अरेरे! नेमका आजच आमचा लॅपिंगवाला रजेवर.”

कुठूनबाईने तेही वहीत टिपलं. धाकट्याने हौसेने एक जोडी आणून तिच्या हातावर ठेवली. पट्टीवर निळ्या होड्या होत्या. गाठही तीच.

“हे कापड येतं कुठून?” तिने विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं.

“सांगून टाका,” बायको म्हणाली. “नाहीतर मी सांगते.” आणि नवरा काही म्हणायच्या आत तिने सांगूनच टाकलं, “ताईंकडून येतं. यांची मोठी बहीण. लॅपिंग त्याच करतात. आमचंही आणि भिंतीपलीकडचंही.”

मग सगळी हकीकत बाहेर आली. कारखाना वडिलांचा होता. ते गेल्यावर दोघा भावांचं एका ग्राइंडिंग यंत्रावरून वाजलं. ते कुणी घ्यायचं, यावरून बोलाचाली झाली, बोलाचालीतून नको ते बोललं गेलं, आणि अकरा वर्षांपूर्वी भिंत उभी राहिली. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. पण वडिलांनी लॅपिंगचं काम मुलांना कधी शिकवलंच नव्हतं. ते शिकवलं होतं मुलीला. तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि वडिलांच्या बाकावर बसली. वाटणीत मागच्या अंगणातली खोली तिच्याकडे आली. त्या खोलीला दोन दारं होती. एकातून थोरल्याच्या जोड्या आत यायच्या, दुसऱ्यातून धाकट्याच्या. दोघांनाही हे ठाऊक होतं. दोघेही मूग गिळून होते.

“पण तुमच्या अर्जात लिहिलंय,” कुठूनबाई वही उलटत म्हणाली, “‘सर्व प्रक्रिया स्वतःच्या आवारात होते का?’ उत्तर, ‘होय’. दोघांनीही तेच लिहिलंय.”

“मग काय खोटं लिहिलंय का?” धाकटा जरा फुरंगटून म्हणाला. “आवार आमचंच आहे. बहीणही आमचीच आहे. घरातच होतं की सगळं!”

बायको म्हणाली, “बरं, पुरे.”

कुठूनबाईला हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. तक्त्यात दोन पुरवठादार होते आणि प्रत्यक्षात एक बाई होती. सैन्याच्या सगळ्या तोफा एका मागच्या खोलीवर टेकल्या होत्या, आणि ती ओळ दोन वर्षं हिरवीगार होती. तीही तिनेच, टेबलावर बसून, दोन अर्ज बघून रंगवलेली.

“आज ताई कुठे आहेत?”

“दवाखान्यात. दर गुरुवारी जातात. डोळे दाखवायला, म्हणतात.”

ताई दोन वाजता आल्या. उंच, वाळक्या अंगाच्या, साठी ओलांडलेल्या. फाटकापासून चालत येताना त्यांनी उजवा हात पिशवीच्या पट्ट्यात अडकवून धरला होता, तो हलू नये म्हणून. अंगणात अनोळखी बाई बघून त्या थांबल्या. धाकट्याची बायको पुढे झाली आणि म्हणाली, “तोफांच्या कारखान्यातून आल्यात. त्यांना सगळं सांगितलंय मी.”

“बरं केलंस,” ताई म्हणाल्या. “आत या.”

खोली लहान होती. खिडकीखाली एक जाड फळीचा बाक, त्यावर दगडी पाटा, तीन डब्या पेस्ट, रॉकेलचं भांडं, कापडाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. ताईंनी पाट्यावरची एक जोडी उचलली, नळी उभी धरली, दांडीला तेलाचा थेंब लावला आणि तिच्या तोंडावर ठेवून सोडून दिली. दांडी स्वतःच्या वजनाने खाली जाऊ लागली. इतकी सावकाश, की आधी ती हलतेय हेच कळत नव्हतं.

“मोजा,” ताई म्हणाल्या. “बारा अंकांत तळाला गेली पाहिजे. आठात गेली तर सैल. मध्येच थांबली तर घट्ट. दांडी उलटी करून पुन्हा सोडायची, तरी बाराच.”

कुठूनबाईने मोजलं. बारा झाले.

“एका जोडीला किती वेळ लागतो?”

“पूर्वी दोन तास. आता चार.” ताईंनी उजवा हात बाकावर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी सांधा सुजून वर आला होता. “डोळ्यांना काही झालेलं नाही. हा गेलाय. चार महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं, हे काम बंद करा. नाहीतर पुढे बटणसुद्धा लावता यायचं नाही.”

“भावांना माहीत आहे?”

“नाही. थोरल्याला वाटतं मी धाकट्याचं काम आधी करते, म्हणून त्याला उशीर होतो. धाकट्याला वाटतं मी थोरल्याचं आधी करते. वाटू दे म्हटलं. तेवढाच त्यांना विषय.”

बाहेर कुठेतरी लेथ सुरू झाला. कुठूनबाईने वही मिटली.

“ताई, मला हे लिहावं लागेल.”

“लिहा की. कुणीतरी विचारायची वाटच बघत होते. अकरा वर्षांत एवढे साहेब येऊन गेले. सगळ्यांनी मापं बघितली, कागद बघितले. ‘आज माणूस रजेवर आहे’ म्हटलं की चहा पिऊन गेले.” मग त्यांनी तेलाचं बोट पट्टीला पुसलं. “पण त्या दोघांना आधी मी सांगणार. तुमच्या कागदावरून कळलं तर मला ते चालायचं नाही.”

त्यांनी धाकट्याच्या बायकोला दोन्हीकडे निरोप धाडायला सांगितलं. पाचएक मिनिटांनी डाव्या दारात थोरला येऊन उभा राहिला आणि उजव्या दारात धाकटा. आत कुणीच आलं नाही. दोघेही एकमेकांच्या वरच्या बाजूला, छताच्या कोपऱ्याकडे बघत होते.

“माझा अंगठा संपलाय,” ताई म्हणाल्या. “मी आजपासून लॅपिंग करणार नाही. एकाचंही नाही आणि दुसऱ्याचंही नाही.”

दोघे एकाच वेळी बोलले. थोरला म्हणाला, “मग माझ्या पुढच्या वीस जोड्यांचं काय?” आणि धाकटा म्हणाला, “कधीपासून दुखतंय?”

थोरल्याच्या कानापर्यंत रक्त चढलं. तो मागे वळला आणि आला तसा निघून गेला. ताई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, “वाईट नाहीये तो. त्याला आधी आकडेच सुचतात. वडीलही तसेच होते.”

साडेचारची बस कुठूनबाईला धावत गाठावी लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते, पण तिमाहीचा अहवाल आठ दिवसांवर आला होता आणि त्यात हिरव्या ओळींची टक्केवारी पहिल्याच पानावर होती.

“असं करा,” ते म्हणाले. “रंग तोच राहू द्या. पुढच्या तिमाहीपर्यंत आपण गुपचूप काहीतरी सोय करू. तोवर त्या बाईंना म्हणावं, थोडं दम धरून करा.”

“त्यांच्या अंगठ्यात दम उरलेला नाही, साहेब.”

“मग साठा किती आहे?”

“अडतीस जोड्या. नऊ तोफा.”

“नऊ तोफा म्हणजे महिनाभर निघतो की!”

“आणि महिन्यानंतर?”

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. “तुम्हीच ही ओळ हिरवी केली होती, हे लक्षात आहे ना?”

ते तिच्या चांगलंच लक्षात होतं. रविवारी सकाळी घरी टेबलावर कागद पसरून ती बसली, तेव्हा तेच टोचत होतं. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो समोर बसून मुलांच्या वह्या तपासत होता. तिने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, “लाल लिहिलं तर पहिला प्रश्न येणार, आधी हिरवं कुणी लिहिलं?”

“मग काय सांगशील?”

“मी, म्हणून सांगेन. दुसरं काय सांगणार?”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि वहीवर बरोबरची खूण केली. त्याला ते सोपं वाटत होतं. तिला सोपं वाटत नव्हतं, पण सोमवारी अहवाल गेला तो लाल ओळीसह गेला. खाली तिने एक टीप जोडली होती, ‘मूळ नोंद प्रत्यक्ष पाहणी न करता माझ्याकडून केली गेली.’

व्हायचं ते झालं. बैठक लागली. बैठकीत पाऊण तास लोक तिला फैलावर घेत होते. कुणी म्हणालं, दोन्ही भावांना काळ्या यादीत टाका. कुणी म्हणालं, परदेशातून जोड्या मागवा. मागवायला आठ महिने लागणार होते, हे त्यांना तिनेच सांगावं लागलं. शेवटी कोपऱ्यात बसलेला तोफखान्याचा एक अधिकारी बोलला.

“मला एवढंच सांगा,” तो म्हणाला, “या बाई तिथे गेल्या नसत्या, तर आम्हाला हे कधी कळलं असतं?”

काळ्या यादीचा विषय तिथेच मिटला. कुठूनबाईला मात्र लेखी ताकीद मिळाली. ती तिने वाचली, सही केली आणि फायलीला लावली.

नवव्या तोफेनंतर तोफांची जुळणी थांबली. ती सात आठवडे थांबली. जुळणी विभागातले लोक तिला जिन्यात भेटले की म्हणत, “काय बाई, आमच्या हातावर हात ठेवायची सोय केलीत!” काही हसून म्हणत, काही न हसता.

त्या सात आठवड्यांत ताईंच्या खोलीत सहाजण शिकायला बसले. चौघे तोफांच्या कारखान्यातले फिटर, एक थोरल्याचा फोरमन आणि धाकट्याची बायको. ताई खुर्चीत बसत, उजवा हात पट्टीत बांधून मांडीवर ठेवत आणि डाव्या हाताने चुका दाखवत. पहिल्या आठवड्यात एकही जोडी पास झाली नाही. सगळ्या भंगारात गेल्या.

“जोडी हाताने गरम झालेली असताना मापू नका,” त्या सांगत. “पाव तास दगडावर ठेवा. लोखंड फुगतं. आणि एक जोडी बरी झाली की तुम्ही पण फुगता. दोघांनाही थंड होऊ द्या.”

कुठूनबाई शेजारी वही घेऊन बसे. ताई म्हणत, “हे सांगता येत नाही, हाताला कळतं.” ती म्हणे, “हाताला काय कळतं, तेवढं सांगा.” मग ताई डोळे मिटून आठवत. अशातून हळूहळू कळलं, की त्या मनातल्या मनात मोजतात. सात फेरे, पाव वळसा, पुन्हा सात. पेस्ट मेली, म्हणजे तिची धार संपली, की तिचा आवाज बदलतो, खरखर जाऊन सूं येतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शब्दांत सांगितलं आणि स्वतःच नवल केलं. सगळं मिळून एकतीस ओळींची पत्रिका झाली. ग्राइंडिंग विभागातल्या इंजिनिअरने ती वाचली. तो म्हणाला, यातली पहिली बारा कामं यंत्रावर घेता येतील, फक्त यंत्राचा दगड बदलावा लागेल. तसं झालं, तेव्हा एका जोडीची हातघासाई चार तासांवरून सव्वा तासावर आली.

“आणि ही पेस्ट येते कुठून?” तिने एक दिवस विचारलंच.

ताई खळखळून हसल्या. “वाटलंच होतं मला! परदेशातून. एक डबी वर्षभर पुरते. गावातल्या दुकानात आता चार उरल्यात.”

तिने त्या चारही डब्या उचलायला लावल्या आणि तक्त्यात आणखी एक लाल ओळ वाढवली. त्या ओळीचं पुढे पुष्कळ रामायण झालं, पण ते वेगळं.

सहापैकी तिघे पास झाले. थोरल्याचा फोरमन दुसऱ्या आठवड्यात “हे बायकांचं काम आहे” म्हणून निघून गेला. ताई म्हणाल्या, “जाऊ दे, त्याची बोटं घाईची होती.” चौघा फिटरांतले दोघे टिकले. त्यातला एक इतक्या जाड बोटांचा होता, की त्याच्याकडून कुणालाच आशा नव्हती. पण त्याच्याजवळ मरणाचा सोशिकपणा होता. तिसरी धाकट्याची बायको. तिच्या पहिल्या पास झालेल्या जोडीची दांडी बारा मोजून तळाला गेली, तेव्हा धाकटा दारात उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. ती म्हणाली, “बरं, पुरे,” पण तिचे डोळे भरून आले होते. धाकट्याने स्वतःही एक जोडी करून बघितली होती. ती नळी अजून त्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली आहे.

दोन्ही फिटर परत येऊन कारखान्यात बाक टाकून बसले आणि तुकडीतुकडीने पुढच्यांना शिकवू लागले. जुळणी पुन्हा सुरू झाली. महिन्याला शंभर जोड्यांचा आकडा गाठायला अजून बराच अवकाश होता, पण साठ होत होत्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या गावांत होत होत्या. कुठूनबाईने दोनशे सतरावी ओळ पिवळी केली. साहेब म्हणाले, “आता तरी हिरवी करा, दोन जागा झाल्या ना!” ती म्हणाली, “पेस्ट एकाच जागेची आहे, साहेब.” साहेबांनी नाद सोडला.

भावांचं मात्र अवघड होऊन बसलं. एका छपराखालचे दोन पुरवठादार म्हणजे एकच, असा नियम तिच्याच अहवालामुळे झाला होता. आग लागली तर भिंत बघून थांबणार नाही, एवढी ती साधी गोष्ट होती. म्हणजे दोघांनी मिळून एक अर्ज करायचा किंवा एकाने काम सोडायचं. आपल्या एका नोंदीने दोन चुली अडचणीत आल्या, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. अर्ज आला तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी. एकच अर्ज, त्यावर दोन सह्या, आणि सह्यांखाली दोन वेगळ्या तारखा. मधले दोन दिवस तो कागद ताईंच्या बाकावर पडून होता, म्हणे.

ताईंच्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं. सांधा बसवला, पण ताकद आली नाही. त्या आता फक्त परीक्षा घेतात. दांडी सोडायची, मोजायचं आणि हो की नाही ते सांगायचं. दर शुक्रवारी दुपारी आकडे कळवायला त्या कुठूनबाईला फोन करतात.

एका शुक्रवारी आकड्यांआधीच म्हणाल्या, “अहो, सोमवारी गंमत झाली. थोरला धाकट्याच्या घरी गेला.”

“काय सांगता!”

“घरी म्हणजे दारापर्यंत. हातात खोकं. त्यात दहा जोड्या, यंत्रावरून आलेल्या. दार धाकट्यानेच उघडलं. थोरला म्हणाला, ‘तुझ्या बायकोला वेळ असेल तर एवढ्या करून दे म्हणावं.’ धाकटा म्हणाला, ‘आत ये.’ तर हा म्हणाला, ‘नको, बूट तेलकट आहेत.’ खोकं पायरीवर ठेवलं आणि निघून आला.”

“आणि मग?”

“मग काय? धाकट्याने ते आत नेलं. बूट तर त्याचेही तेलकटच असतात.”

कुठूनबाई हसली. मग पेन उघडून तिने विचारलं, “दहातल्या किती पास झाल्या?”

“नऊ,” ताई म्हणाल्या. “दहावी दहा अंकांत गेली. सैल आहे. तिला नवी दांडी पाहिजे.”

तिने नऊ लिहिले.